वादळाआधीच्या दोन बॅटऱ्या

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी विमानांच्या हँगरच्या दारात उभी राहून चहा पीत होते. एप्रिल सरत आला होता आणि सकाळीच वरचे पत्रे तापून करकर वाजायला लागले होते. फोनवर आमचे प्रशिक्षक वैमानिक होते. त्यांना आम्ही सगळे कॅप्टनच म्हणतो. माणूस पुण्याचा, माझ्याहून वयानं लहान, बोलणं मोजकं.

"मॅडम, इंजिन सुरू होत नाहीये," ते म्हणाले. "पंखा अर्धा फिरतो आणि थांबतो. पुन्हा चावी फिरवली तर नुसता टक असा आवाज येतो."

"आता परत फिरवू नका," मी म्हटलं. "दिवे लावले तर?"

"लावले. पिवळे पडलेत."

बॅटरी गेली होती. एवढं फोनवरच कळलं.

अमरावतीजवळच्या एका लहान उड्डाणशाळेत मी विमानांच्या देखभालीची अभियंता आहे. दोन माणसं बसतील एवढी आमची विमानं. मुलं त्यांच्यावर उडायला शिकतात आणि पुढे मोठ्या कंपन्यांत जातात; आम्ही इथंच राहतो. विमानाला कुठं हात लागला, काही बदललं, की 'आता हे उडायला हरकत नाही' अशी सही मी करते. त्या सहीशिवाय चाक हलत नाही. माहेरी, वलगावला लग्नाकार्यात कोणी विचारलं की माझी आई सांगते, पोरगी इमानाची मेकॅनिक आहे. मला तेच नाव जास्त आवडतं.

कॅप्टन आदल्या दिवशी एकटेच विमान घेऊन अकोल्याला गेले होते. तिथल्या धावपट्टीवर आमचा काही दिवस सराव व्हायचा होता. विमान रात्रभर उघड्यावरच उभं होतं, कारण तिथं आमच्यासाठी हँगर नव्हतं. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण त्या सकाळी हवामानाचा इशारा आला होता: दुपारनंतर वादळी वारा आणि गारपीट. कॅप्टनना तोच इशारा बघून विमान लगेच परत आणायचं होतं.

"हातानं पंखा फिरवून सुरू करू का?" त्यांनी विचारलं. "इथला चौकीदार मदत करतो म्हणतोय."

"अजिबात नाही. पंख्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका. मी बॅटरी घेऊन येते."

येते म्हणाले खरं, पण माझ्याकडे नवी बॅटरी नव्हती. जी राखून ठेवली होती ती मागच्याच आठवड्यात दुसऱ्या विमानात बसवली होती, आणि मागवलेली अजून वाटेत होती. हँगरमध्ये त्या जातीची एकच बॅटरी मोकळी होती. तपासणीसाठी उघडून ठेवलेल्या एका विमानातून ती काढली होती आणि वर्षाच्या चाचणीसाठी चार्जरला लावली होती. चाचणी अजून झालीच नव्हती.

पूर्वी पाणी टाकायच्या बॅटऱ्या असत. झाकण काढून आत वाकून बघता येई. पाणी किती उतरलं, एखादा कप्पा कोरडा पडलाय का, सगळं डोळ्यांना दिसे. आताच्या सीलबंद बॅटरीत आम्ल काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत मुरवलेलं असतं. विमान तिरकं झालं, हेलकावे बसले तरी ते सांडत नाही, पाणी टाकावं लागत नाही, आजूबाजूचा पत्रा खात नाही. सोय मोठी आहे. पण बॅटरी बाहेरून काहीच कळू देत नाही. माझ्या वडिलांच्या पाठीवरच्या फवारणी पंपात अशीच छोटी बॅटरी आहे. सकाळी हिरवा दिवा दाखवते आणि अर्ध्या वावरात पंप बसतो. वडील म्हणतात, "लय लबाड हाय हे. तोंडावर काईच दाखवत नाई."

म्हणून विमानाच्या बॅटरीची चाचणी घ्यावी लागते. पूर्ण भरायची, विजेचं ठरलेलं ओझं लावायचं आणि किती वेळ तग धरते ते बघत बसायचं. फार लवकर दमली तर ती विमानातून बाद, मग इंजिन कितीही झोकात सुरू करत असली तरी. कारण इंजिन सुरू करणं हे तिचं एक काम झालं. दुसरं काम असं, की हवेत इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर बंद पडला तर रेडिओ आणि बाकीची गरजेची यंत्रं एकटीनं चालवायची, जमिनीवर उतरेपर्यंत.

मी ती बॅटरी चार्जरवरून उतरवली, मल्टिमीटर आणि हत्यारं घेतली आणि शाळेच्या गाडीत बसले. बडनेरा मागं पडलं. मूर्तिजापूरच्या पुढे पश्चिमेकडचं आभाळ दिसायला लागलं. काळं नव्हतं अजून, मातकट होतं, आणि खाली वारा पूर्ण पडलेला. रस्त्याकडेच्या निंबांची पानंसुद्धा हलत नव्हती. ते मला आवडलं नाही.

वाटेत साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे शाळेचे मालक. माणूस वाईट नाही, पण विमानं त्यांनी कर्ज काढून घेतली आहेत आणि ते त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

"मॅडम, मी अकोल्यात एका बॅटरीवाल्याशी बोललो. माझ्या ओळखीचा आहे. सेम मापाची, सेम व्होल्टची, सीलबंद, अगदी नवी बॅटरी आहे त्याच्याकडे. तो घेऊन निघालाय. तुमची चालली नाही तर ती लावा. पण विमान दुपारच्या आत निघालं पाहिजे."

"बघते सर," मी म्हटलं. याहून जास्त बोलायची ती वेळ नव्हती.

मी पोचले तेव्हा बॅटरीवाले माझ्या आधी येऊन उभे होते. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा सदरा, सोबत दुकानाचा लहान टेम्पो. त्यांनी बॅटरी टेम्पोच्या सावलीत, गोणपाटावर ठेवली होती. उन्हात ठेवली नाही, हे मी लगेच पाहिलं. माणसाला बॅटरीची कदर होती.

"ताई, मालकाचा फोन आला तसा निघालो," ते म्हणाले. "या महिन्याचाच माल हाय. मी तुमाले खोटं सांगून राहिलो नाई, पाह्यजे तर तपासून घ्या."

कॅप्टन विमानाच्या पंखाखाली उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी पश्चिमेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मी आधी विमानातली जुनी बॅटरी काढली. आसनांच्या मागं तिची पेटी असते. हात लावला तर एक बाजू किंचित फुगलेली होती. आतला एक कप्पा गेला होता. उन्हाळ्यात असं होतं. मग दोन्ही बॅटऱ्या टेम्पोच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. नुसते व्होल्ट मोजले तर दोन्ही छान. पण निवांत बसलेल्या बॅटरीचे व्होल्ट म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाची तब्येत. ओझं उचलायला लावल्याशिवाय कळत नाही. मी विमानाचा उतरायच्या वेळी लावतात तो मोठा दिवा सोडवून घेतला आणि आळीपाळीनं दोन्हींना जोडला.

मी अमरावतीहून आणलेली बॅटरी दिवा लागताच व्होल्टमध्ये खाली घसरली, मग सावरली, मग परत हळूहळू उतरायला लागली. अकोल्याची बॅटरी जरा वाकली आणि तिथंच ठाम उभी राहिली.

"दोन्हींवर इंजिन सुरू होईल," मी म्हटलं.

"मग लावा ना," कॅप्टन म्हणाले. "कोणतीही. एकदा सुरू झालं की मॅग्नेटोवर चालतं इंजिन. बॅटरी नसली तरी हवेत बंद पडत नाही. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे मॅडम."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटोमधून येते, ती बॅटरीवर अवलंबून नसते. पण मागं तसलं आभाळ होतं. ढग आडवे आले तर वाट बदलावी लागणार, कोणाशी तरी बोलावं लागणार, कदाचित दुसरीकडे कुठं उतरावं लागणार. त्या अर्ध्या तासात अल्टरनेटर गेला तर रेडिओ किती वेळ जिवंत राहील, हे मला माहीत नव्हतं. अमरावतीची बॅटरी विमानासाठीचीच होती, कागदपत्रं नीट होती, पण ती दमलेली वाटत होती आणि चाचणी झालेली नव्हती. अकोल्याची ताजी होती, जोमात होती, पण ती एका जागी उभ्या असलेल्या जनरेटरसाठी बनवलेली होती. मी ती उलटसुलट करून पाहिली. सीलबंद म्हटलं तरी जास्त चार्ज झाली की आतून पेट घेणारा वायू सुटतो. विमानाच्या बॅटरीला तो वायू बाहेर नेणारी नळी जोडायला तोंड असतं. हिला ते नव्हतं. म्हणजे काही बिघडलं तर तो वायू वैमानिकाच्या पाठीमागच्या बंद पेटीत साठणार.

मी नळीचं कॅप्टनना दाखवलं. ते वाकून बघून उभे राहिले.

"मग तुमची आणलेली लावा."

"ती चाचणीत नापास होईल असं मला वाटतंय."

"वाटतंय?"

"हो. नक्की माहीत नाही."

"दोन्ही नको, तर मग इतक्या लांब आणलीत कशाला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पहिल्यांदाच धारदार झाला होता. बॅटरीवाले दुसरीकडे बघायला लागले. खरं म्हणजे येताना सगळ्या रस्त्यानं मी स्वतःला सांगत आले होते, की बॅटरी ठीक निघेल, बसवू, सही करू, संध्याकाळी घरी जाऊ. ती ठीक निघाली नाही, याचा राग मलाही होताच.

तेवढ्यात पहिली झुळूक आली. गार. एवढ्या उन्हात गार झुळूक आली की वऱ्हाडातलं लहान पोरही अंगणातलं वाळवण उचलायला धावतं. साहेबांचा फोन वाजला.

"निघालं का?"

"नाही सर. आज निघणार नाही." आणि मी दोन्ही बॅटऱ्यांबद्दल सांगितलं.

ते म्हणाले, "मॅडम, विमान उघड्यावर आहे. वादळात उलटलं तर जबाबदार कोण?"

"मी."

"आणि बॅटरीनं दगा दिला तर?"

"तेव्हाही मीच. पण तेव्हा आत कॅप्टन बसलेले असतील."

"कॅप्टन तयार आहेत ना?"

मी फोन कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टन ऐकत राहिले, "हो सर, हो सर" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "सर, मॅडमची सही नसेल तर माझ्या तयार असण्याचा काही उपयोग नाही." फोन मला परत देताना ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोर आहेत का?"

दोर होते. विमान बांधायला जमिनीत लोखंडी कड्याही होत्या, पण तेवढ्यानं त्या वाऱ्यात भागणार नव्हतं. चौकीदारानं कुठूनशा खताच्या रिकाम्या गोण्या काढल्या. कुंपणाजवळ बांधकामाची वाळू पडलेली होती. कॅप्टन आणि चौकीदार गोण्या भरायला लागले, मी पंखांना आणि शेपटीला गाठी मारायला लागले. बॅटरीवाल्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांची बॅटरी मी नाकारली होती. टेम्पोत बसून ते दुकानी गेले असते तर मला काही वाटलं नसतं. त्यांनी बॅटरी उचलून टेम्पोत ठेवली, टेम्पो चालू केला आणि विमानाच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडाला आणून आडवा उभा केला.

"तुमचा टेम्पो खराब होईल दादा," मी म्हटलं.

"लोखंडाचा हाय. तुमचं इमान त कागदावाणी दिसून राहिलं."

वादळ आलं ते आधी धुळीचं आलं. समोरचं कुंपण दिसेनासं झालं. आम्ही चौघं चौकीदाराच्या खोलीत शिरलो आणि दार आतून रेटून धरलं. खिडकीतून विमान दिसत होतं. वारा पंखाखाली शिरला की ते उडायचं म्हणून वर उचललं जायचं, दोर ताणायचे, आणि ते परत खाली बसायचं. ज्यासाठी ते बनवलं आहे तेच ते करत होतं, फक्त आत कोणी नव्हतं. प्रत्येक हिसक्याला मी एकेक दोर बघत होते.

मग उजव्या पंखाचा दोर सैल झालेला दिसला. गाठ मीच मारली होती. मी दार उघडलं. मागून कॅप्टन ओरडले, काय ते ऐकू आलं नाही. गारा पडायला लागल्या होत्या. मी पंखापर्यंत पोचले, पंखाला आधार देणारा तिरपा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचं सगळं वजन त्याला टांगलं. पाय जमिनीवरून सुटले आणि परत टेकले. मग माझ्याशेजारी कॅप्टन लटकलेले दिसले, आणि खाली वाकून बॅटरीवाले दोर परत कडीत ओढत होते. डोक्यावर रिकामी गोणी धरली होती त्यांनी. गारा त्यांच्या पाठीवर आपटत होत्या.

तेव्हाच कुठूनतरी एक पत्रा आला. मी तो येताना पाहिला नाही, आवाज ऐकला. पंखाच्या टोकाला आपटला आणि घरंगळत पुढे गेला. कॅप्टनच्या डोक्यापासून तो फार लांब नव्हता.

वारा गेला तसा एकदम गेला. जमीन गारांनी पांढरी झाली होती. विमान उभं होतं. उजव्या पंखाचं टोक चेपलं होतं आणि त्याच्यामागची हलणारी झडप वाकली होती. टेम्पोची काच तडकली होती. कॅप्टन जमिनीवरच बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरले. दांड्यानं ते सोलवटले होते. मीही बसले. माझ्या कानशिलाला गार लागून रक्त आलं होतं, ते बॅटरीवाल्यांनी दाखवल्यावर कळलं.

"ताई, दवाखान्यात चला," ते म्हणाले.

"आधी फोन करते," मी म्हटलं, आणि साहेबांना सगळं जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पंख दुरुस्त होईपर्यंत विमान अकोल्यातच अडकलं. सराव थांबला, मुलांचे तास बुडाले. शाळेत माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, पण मी आत गेले की बोलणं थांबायचं. घरी नवरा म्हणाला, कामावरून काढलं तर काढलं, दुसरीकडे बघू. त्याला माहीत होतं की दुसरीकडे म्हणजे अमरावती सोडणं. मुलीची शाळा, वलगावला आईवडील.

मग साहेबांनी मला, कॅप्टनना आणि त्या दोन्ही बॅटऱ्यांना हँगरमध्ये बोलावलं. अकोल्याची बॅटरी त्यांनी विकत घेऊन आणवली होती.

"दोन्हींची चाचणी घ्या," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

मी दोन्ही पूर्ण भरल्या, सारखं ओझं लावलं आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. ते काही तमाशासारखं नसतं. व्होल्टचा काटा हळूहळू उतरतो, एवढंच. छताचा पंखा घरघरत होता. साहेब मधूनमधून घड्याळ बघत होते. अमरावतीची बॅटरी, कागदपत्रं असलेली, माझी, बरीच आधी बसली. नापास. माझा अंदाज बरोबर निघाला, पण मला त्याचं सुख झालं नाही, कारण दुसरी अजून चालली होती. ती चालतच राहिली. ठरलेली वेळ तिनं आरामात ओलांडली.

साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हणजे अकोल्याचीच लावायला पाहिजे होती."

"दमात ती चांगली आहे, हे आज कळलं सर. त्या दिवशी माहीत नव्हतं. आणि नळी लावायला तिला आजही तोंड नाही."

"अर्धा तास मॅडम. त्या अर्ध्या तासात बॅटरी फुगून वायू सुटला असता, असं तुम्ही म्हणताय?"

"बहुतेक नसता सुटला."

"बहुतेक," ते म्हणाले. "आणि पंखाचं नुकसान नक्की झालं."

ते विमान त्या दिवशी उडालं असतं, तर बहुतेक सुखरूप इथं उतरलं असतं. मला हे तेव्हाही ठाऊक होतं.

"पुढच्या वेळी काय कराल?" त्यांनी विचारलं.

"हेच करीन सर."

कॅप्टन म्हणाले, "सर, त्या दिवशी मी बसलो असतो. तुम्ही म्हणालात म्हणून, वादळ येत होतं म्हणून. मॅडम नाही म्हणाल्या तेव्हा मला राग आला होता. पण पुढचे कित्येक दिवस मी एकच विचार करतोय. माझ्यामागच्या पेटीत काय आहे, हे सही करणाऱ्याला माहीत नसताना मी बसायला तयार झालो. मला ते आवडलं नाही." त्यांच्या तळहातांवर अजून खपल्या होत्या. "मला अशी सही पाहिजे जिच्यावर मी डोळे मिटून बसेन."

साहेब उठले, दोन्ही बॅटऱ्यांभोवती एक फेरी मारली. "मग ठरवा तुम्ही," ते मला म्हणाले. "सगळ्या विमानांसाठी एकच कोणती ते ठरवा. एक अकोल्याला ठेवा, एक इथं ठेवा, आणि परत असं माझ्यासमोर आणू नका." आणि गेले. मला काढलंही नाही, शाबासकीही दिली नाही. मला तेवढंच पुरलं.

त्यानंतरचे कितीतरी आठवडे मी बॅटऱ्यांतच होते. विमानासाठी मान्य असलेल्या आणि आमच्या पेटीत बसणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या फार नाहीत. त्यांतल्या तीन मागवल्या. सगळ्यात हलकी होती ती साहेबांना आवडली, कारण वजन वाचलं की इंधन जास्त नेता येतं. ती इंजिन सुंदर सुरू करायची. मी तिन्ही बॅटऱ्या भर मे महिन्यात बंद विमानात, उन्हात ठेवल्या, आणि तापल्यावर चाचणी घेतली. आपल्याकडे बॅटरी थंडीनं मरत नाही, उन्हानं मरते, हे पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या लक्षात नसतं. तापल्यावर हलकीचा दम बराच कमी झाला. मधली बरी होती, पण तिची नळी आमच्या पेटीत वाकडी बसत होती आणि दाबली जात होती. उरली ती सगळ्यात जड. ती बसवायची तर विमान परत तोलावं लागणार होतं, कारण मागं वजन वाढलं की तोल बदलतो. आम्ही विमान काट्यावर चढवलं, तोललं, हिशेब केला. तोल ठरलेल्या मर्यादेत राहत होता. मी तीच निवडली.

अकोल्याच्या बॅटरीवाल्यांना मी फोन करून सांगितलं, की तुमची बॅटरी चाचणीत पास झाली. त्यांना कळायला हवं असं मला वाटलं.

"मंग तुमी लावत काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

मी नळीचं सांगितलं. "हाव, बरोबर हाय," ते म्हणाले. "जनरेटरच्या खोलीले खिडकी राह्यते." आणि टेम्पोची काच बदलली का असं मी विचारलं, तर म्हणाले, तुमच्या साहेबानं परस्पर बसवून दिली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली जड बॅटरी बसवलेलं विमान कॅप्टन उडवणार होते आणि शेजारी मी बसणार होते. मी फारशी उडत नाही. मला विमान जमिनीवर, झाकणं उघडलेलं आवडतं. पण हवेत जाऊन अल्टरनेटर मुद्दाम बंद करायचा आणि बॅटरी एकटी काय करते ते बघायचं, ही चाचणी मला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नव्हती.

सकाळची हवा शांत होती. उंचीवर गेल्यावर कॅप्टन म्हणाले, "तयार?" मी हो म्हटलं आणि हात पुढे करून अल्टरनेटरचं बटण खाली केलं. लाल दिवा लागला. काटा उतरला, आणि एका जागी थांबला.

खाली नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची काळी रानं होती, नांगरून पेरणीसाठी तयार. मी ती पाहिली नाहीत. कॅप्टननी नंतर सांगितलं. माझे डोळे काट्यावर होते. ते मधूनमधून रेडिओवर बोलत होते आणि आमच्या धावपट्टीच्या मनोऱ्यातून उत्तर येत होतं, स्पष्ट, रोजच्या आवाजात. तो आवाज आला की माझे खांदे सैल व्हायचे, आणि थांबला की परत आवळायचे. एकदा विमान हेलकावलं तेव्हा काटा जरा थरथरला आणि परत स्थिरावला. कॅप्टन एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. ते समोर बघून, हलक्या हातानं विमान चालवत राहिले.

ठरवलेली वेळ भरली. काटा अजून हिरव्या पट्ट्यात होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून जरा राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी एक मोठं वळण घेतलं आणि आम्ही तसेच, लाल दिवा लावून, आणखी काही वेळ उडत राहिलो.